विनंतीचा महिना

ओझर, ता. जुन्नर
६ ऑक्टोबर २००२

सौ. हर्षाली सेंथिलकुमार यांस,

तुझ्याशी या जन्मात एक शब्द बोलणार नाही, असं मी दोन वर्षांपूर्वी आपल्या अंगणात उभं राहून सांगितलं होतं. ते ऐकायला निम्मी आळी हजर होती. तो शब्द कायम आहे. लिहिणार नाही असं मी म्हणालो नव्हतो, एवढं ध्यानात घेऊन हे पत्र वाचावं.

कारण कामाचं आहे. काल फोनवर आईला जे सांगितलंस ते मला समजलं. मी ऐकत नव्हतो. फोनच्या खोलीत पेपर वाचत बसलो होतो, आणि तुझ्या आईला, कुशाबाईला, फोनवर हळू बोलता येत नाही. कोइमतूर जितकं लांब तितक्या मोठ्यानं ओरडलं पाहिजे, असा तिचा समज आहे. तर तुला चौथा महिना लागला. आनंदाची गोष्ट आहे. अभिनंदन आईकडून घ्यावं.

आता मुद्दा. तुझ्या सासरी म्हणे अशी रीत आहे, की दिवस भरत आले की पोटुशीच्या हातात बांगड्या भरतात, आणि मग तिच्या आईबापांनी स्वतः येऊन, सासू-सासऱ्यांना विचारून तिला बाळंतपणाला माहेरी न्यायचं. विचारायचं बापानं. एकट्या आईला ते देत नाहीत. "बाप आला न्हाई तर पोरगी तिकडंच ऱ्हाईल," असं म्हणून कुशाबाई माझ्याकडे बघते, जणू ही रीत मीच काढली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपलीही रीत आहे. तुझं-माझं काय असेल ते असो, रीत मोडणारा माणूस मी नाही. म्हणून मी येणार आहे. तुला भेटायला नव्हे.

पण तिकडे येऊन मी मुक्यासारखा बसणार नाही. आजवर कोइमतूरहून आपल्याकडे एकच चांगली वस्तू आली, ती म्हणजे विहिरीवरची मोटर. माणसं कशी आहेत मला ठाऊक नाही. ते माझ्या तोंडावर काय बोलतात ते मला कळलं पाहिजे आणि उलट उत्तरही देता आलं पाहिजे. सबब मी तमिळ शिकायचं ठरवलं आहे.

द्राक्षाची छाटणी परवा उरकली. छाटणीपासून माल उतरेपर्यंत बागेला जसं महिन्या-महिन्याचं वेळापत्रक असतं, तसंच या भाषेला लावलंय. औषधाच्या दुकानातलं कॅलेंडर आहे ना, त्याच्यावर फवारणीच्या खाली शाईनं लिहिलं. ऑक्टोबरात आकडे आणि खायच्या वस्तू, नोव्हेंबरात नकार, डिसेंबरात भांडण. जानेवारी ठेवलाय मानपानाला, म्हणजे आपला मान समोरच्याकडून कसा घ्यायचा त्याला. विनंती, आभार वगैरे किरकोळ गोष्टी फेब्रुवारीत बघू. मार्चमध्ये माल उतरला की निघायचं, तेव्हा तुला नववा असेल.

उत्तर पाठवायची तसदी घेऊ नये.

सावळेराम धोंडिबा


ओझर
१० नोव्हेंबर २००२

सौ. हर्षाली यांस,

दिवाळी पार पडली. फराळ पोचला असेल. चिवडा तिखट झालाय, तो मी केला नाही.

तुझं पत्र आलं. मी ते उघडलं नाही. कुशाबाईनं उघडून देव्हाऱ्यात ठेवलं. दुसऱ्या पानावर तू "तात्यांचं गुडघ्याचं तेल संपलं असेल" असं लिहिलंयस, ते चूक आहे. अर्धी बाटली शिल्लक आहे.

मास्तर कोण मिळाला हे आईनं तुला सांगितलंच असेल, तिच्या पोटात काही राहत नाही. दुरैस्वामी. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर तुझ्या नवऱ्याबरोबर कामाला होता तोच, आणि तुमच्या नोंदणी लग्नाच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही ठोकणारा तोच. हा माणूस ओझरच्या पुलावर दिसला तर उचलून कुकडीत टाकीन, असं मी तेव्हा नारायणगावच्या बाजारात चारचौघांत जाहीर केलं होतं. पण पंचक्रोशीत दुसरा तमिळ माणूस सापडेना. शेवटी मोटारसायकल काढली आणि खोडदला त्याच्या खोलीवर गेलो. मला लांबून बघितलं आणि गडी मागच्या दारानं पसार झाला. घरमालकाला मध्ये घालून निरोप द्यावा लागला, की तात्यांना मारायचं नाहीये, शिकायचंय. तरी पहिल्या रविवारी तो सोबत एक दांडगा मित्र घेऊन आला आणि चप्पल पायात ठेवूनच ओसरीच्या कडेला बसला.

कुशाबाईनं दोघांना शेंगोळी वाढली. पुढच्या रविवारी तो एकटाच आला, आणि जेवणाच्या वेळेआधी आला. आता तर हिला "अक्का" म्हणतो. मला मात्र अजून घाबरतो, ते बरं आहे. मास्तर थोडा घाबरलेला असला म्हणजे गृहपाठ कमी देतो.

आकडे पाठ झाले. बाजारात टोमॅटोचे क्रेट उतरवताना मी तमिळमध्येच मोजले. ओण्णु, रेण्डु, मूणु, नालु. हमाल हातातलं काम टाकून बघायला लागला. "तात्या, बरं वाटतंय ना? आंगात-बिंगात न्हाई ना आलं?" म्हणाला. त्या गडबडीत दोन क्रेट कमी मोजले गेले, पण आडत्यानं बिचाऱ्यानं ते परत लावून दिले. भाजीपाल्यातलं टोमॅटो, वांगी, कांदा, मीठ, तांदूळ, ताक इतकं येतं. कोइमतूरच्या मंडईत मला सोडलं तर उपाशी मरणार नाही.

तुझी आई मात्र अजून एक अक्षर शिकलेली नाही. म्हणते, "मला न्हाई लागत शिकाया." दर बुधवारी तुझी सासू फोन करते. ही इकडून मराठीत बोलते, ती तिकडून तमिळमध्ये बोलते, आणि अर्धा-अर्धा तास चालतं. दोघींना एकमेकींचं काडीचं कळत नाही. तरीही तुझ्या सासूचा डावा गुडघा दुखतो, तिची धाकटी जाऊ कजाग आहे, आणि तुला हल्ली चिंचेचं खावंसं वाटतं, हे हिला सगळं माहीत. कसं माहीत, ते विचारलं की हसते. मी इथं वेळापत्रक लावून शिकतोय आणि ही अशी.

तेल पाठवू नये. पाठवलंच तर लहान बाटली पाठवावी.

सावळेराम धोंडिबा


ओझर
२९ डिसेंबर २००२

चि. हर्षाली हिस,

तेलाची बाटली मिळाली. मोठी आहे.

मागचा महिना नकाराचा होता, तो उत्तम गेला. 'वेण्डाम' म्हणजे नको, 'पोदुम' म्हणजे पुरे. तो मी मुद्दाम घातला होता. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न बापानं तोंडात घालायचं नसतं, हे तुला ठाऊक आहे. माझा बाप तुझ्या आत्याकडे पाच वर्षं पाण्यावर बसून परत यायचा. तेव्हा तिकडे आल्यावर हे दोन शब्द मला सगळ्यात जास्त लागणार. सराव म्हणून घरीसुद्धा चालू ठेवले. कुशाबाई भाकरी घेऊन आली की मी वेण्डाम म्हणायचो. तिसऱ्या दिवशी तिनं ताटच लावलं नाही. म्हणाली, "तुमीच म्हनला नगं, मंग मी कशाला चूल पेटवू?" त्या दिवशी कुंडलिकच्या घरी जेवलो. आपला चुलत भाऊ असला म्हणून काय झालं, त्याच्या बायकोची आमटी पातळच असते.

या महिन्यात भांडण. यात माझी प्रगती सगळ्यात जोरात आहे, असं दुरैस्वामी स्वतः म्हणाला. त्यानं मला चांगली ठसठशीत वाक्यं दिलीत. "आम्हाला काय समजलात?", "तोंड सांभाळून बोला", "बघून घेईन". पाठ केली, बागेत फिरताना मोठ्यानं म्हटली. पाखरं उडाली.

मग खरी परीक्षा घ्यायची वेळ आली. शिर्डीला चाललेली तमिळ यात्रेकरूंची एक बस विघ्नहराच्या दर्शनाला ओझरला थांबली होती आणि ड्रायव्हरनं ती वळणावर अशी आडवी लावली, की माझा ट्रॅक्टर पुढेही जाईना आणि मागेही. पाटी वाचली, सेलमची गाडी. मनात म्हटलं, विघ्नहरानंच पाठवली. खाली उतरलो, बाह्या सारल्या आणि महिनाभर शिकलेलं सगळं त्या ड्रायव्हरच्या अंगावर ओतलं. क्रमानं. एकही वाक्य चुकलं नाही.

तो माणूस आधी दचकला. मग त्याचे डोळे असे मोठे झाले, आणि त्यानं मला मिठी मारली. खरंच सांगतो, भर रस्त्यात. बसमधली सगळी माणसं त्यानं हाका मारून बाहेर बोलावली. म्हाताऱ्या बायका माझ्याभोवती जमल्या, एकीनं कपाळाला अंगारा लावला, एकीनं चकलीची पुडी हातात कोंबली. मी मध्ये उभा, आणि अजून "बघून घेईन" हे वाक्य शिल्लक होतं, ते कुणाला म्हणू? शेवटी बस निघून गेली. ट्रॅक्टरवर बसून चकल्या खाल्ल्या. आपल्यापेक्षा कमी तिखट असतात.

दुरैस्वामीला हे सांगितलं. तो म्हणाला, घरापासून इतक्या लांब आपली भाषा कानावर पडली, की शिवीसुद्धा गोड लागते.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात फिरतेय. तुझ्या कानावर तिकडे मराठी कधी पडतं? नवऱ्याला येतं म्हणा, चार वर्षं खोडदला काढलीत त्यानं. पण ते त्याचं मराठी, दुर्बिणीवरचं. आपल्या आळीचं मराठी तुला कोण ऐकवणार? म्हणून परवाचं भांडण जसंच्या तसं उतरवून पाठवतो. चिमाबाई आणि सोनीबाई, कारण नेहमीचंच, मोरीचं पाणी.

चिमाबाई: "तुज्या मोरीचं पानी माज्या दारात आलं ना, तर उंबऱ्याला माती लावून बुजवून टाकीन!"
सोनीबाई: "बुजव की! लगे हात तुजं त्वांड बी बुजव. आळी जरा निवांत झोपंल."
चिमाबाई: "माजं त्वांड काडू नगंस. लई वर्सं झाली, तुज्या लग्नात वरातीला मीच नाचले व्हते!"
सोनीबाई: "म्हनून तर माजा संसार आसा झाला!"

यावर दोघी हसायला लागल्या, म्हणून पुढचं लिहिण्यासारखं नाही.

तब्येतीला जप. हे आईनं सांगितलंय, मी फक्त लिहितोय.

सावळेराम


ओझर
१२ जानेवारी २००३

चि. हर्षाली,

तुझ्या सासऱ्यांना वेळापत्रक म्हणजे काय ते कळत नाही असं दिसतं. नववा महिना ठरला असताना सातव्यात कार्यक्रम? डॉक्टरीणबाई म्हणाल्या असतील पुढे गाडीचा प्रवास नको. त्यांचंही बरोबर आहे, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण सव्वीस जानेवारी म्हणजे आज-उद्यावर आली. इकडे द्राक्षाच्या मण्यांत पाणी उतरायला लागलंय, बाग आत्ताच कुठे डोळ्यांत भरण्यासारखी झालीय. ती कुंडलिकवर टाकून यायची म्हणजे काळजाचं पाणी व्हायचं. पण येतो. तिकिटं काढली.

अडचण बागेची नाही, तमिळची आहे. माझा आख्खा फेब्रुवारी बुडाला आणि जानेवारी अर्धा. दुरैस्वामी म्हणाला, "तात्या, मानपान राहू दे. राहिलेल्या दिवसांत विनंती शिकून घ्या. 'कृपा करून पाठवा', 'आमच्यावर लोभ असू द्या', एवढं तरी. तिथं तेच लागणार. तुम्ही मुलगी मागायला चाललाय, टोमॅटो विकायला नाही."

मी त्याला सांगितलं, कॅलेंडरवर जानेवारीत मानपान आहे, मी मानपानच शिकणार. तो म्हणाला, मग विनंती? मी म्हटलं, राहिली तर राहिली. गडी पहिल्यांदाच माझ्यावर चिडला. शेंगोळी न खाता उठून गेला. कुशाबाई दोन दिवस माझ्याशी धड बोलत नाहीये.

तूही मला हट्टी म्हणशील. म्हण. पण एक सांगतो आणि विषय संपवतो. मुलीच्या बापाला आयुष्यात एकदा हात जोडायचे असतात. मांडवात, मुलगी देताना, सगळ्या पाहुण्यांसमोर. तुझ्या जन्मापासून मी त्याची तयारी करत होतो. काय बोलायचं, ते वाक्यसुद्धा ठरवून ठेवलं होतं. ते बोलायची वेळ मला कुणी दिलीच नाही. नारायणगावच्या चहाच्या टपरीवर कुणीतरी सांगितलं, की तात्या, हर्षीचं पुण्यात लगीन लागलं म्हनं. मी चहा तसाच ठेवला. आता देताना जे जोडले नाहीत ते हात परत आणताना कशासाठी जोडू?

जाऊ दे. मानपानाची चार वाक्यं तयार आहेत. तिसरं जरा कच्चं आहे.

तात्या


गाडीत, सोलापूर मागे पडलं
२८ जानेवारी २००३

हर्षे,

तू खालच्या बर्थवर आहेस. तुझी आई समोरच्या खालच्या बर्थवर तुझ्या ओटीतले नारळ मोजतेय. मी वर आहे. पत्र लिहायला इतकं कमी अंतर मला याआधी कधी मिळालं नव्हतं.

तीन दिवसांत तू माझ्याशी खूपदा बोलायला बघितलंस. स्टेशनवर पाया पडलीस तेव्हा मी छताकडे बघितलं. तुला वाटलं असेल तात्या अजून तस्साच. तसं नव्हतं. तुझं पोट पुढे आलेलं, तरी तू वाकलीस, आणि मला वाटलं आत्ता तोंड उघडलं तर शब्दाऐवजी भलतंच काहीतरी बाहेर येईल. म्हणून मी छत बघितलं. कोळ्याची जाळी होती.

सेंथिलशी मात्र मी पहिल्या मिनिटापासून बोललो. त्याच्याशी न बोलायचं मी कधी म्हणालोच नव्हतो. पोरगा चांगला आहे. पंपाचं त्याला कळतं.

आता परवाचं सांगतो, कारण तू आत होतीस. बायकांनी तुझ्या हातात बांगड्या भरायला घेतल्या, गाणी सुरू झाली, कुशाबाई तुझ्याजवळ. आम्ही पुरुष बाहेर ओसरीवर. सेंथिल रिक्षा सांगायला गेलेला. म्हणजे मराठी समजणारं माणूस माझ्या हाकेच्या टप्प्यात एकही नव्हतं. केळीची पानं मांडली. तुझे सासरे पळनिसामी यांनी हात धरून मला पहिल्या पानावर बसवलं. मानपानाचं एकही वाक्य मला वापरावं लागलं नाही. सगळा मान त्यांनी न मागताच दिला, आणि माझी पंचाईत झाली. भात वाढायला आले तेव्हा मी पानावर हात धरला आणि म्हणालो, वेण्डाम.

ते हसले आणि पुन्हा वाढायला लागले. मी म्हणालो, वेण्डाम. पोदुम. उच्चार एकदम स्वच्छ होते. लेकीला मूल होईपर्यंत आमच्यात बाप जेवत नाही, हे सांगायचं होतं, पण समजावून सांगणं हा विषय मी कुठल्याच महिन्यात घातला नव्हता. मला नकार येत होता आणि भांडण येत होतं. पळनिसामींचा चेहरा उतरला. त्यांनी आपलं पान मिटलं, न जेवता. दाराशी तुझी बॅग तयार ठेवली होती, निळ्या पट्ट्याची. त्यांनी पुतण्याला खूण केली आणि त्यानं ती बॅग उचलून आत नेली.

हे समजायला भाषा लागत नाही. आमच्या घरचं अन्न नको, तर आमच्या घरची सूनही मिळणार नाही.

जिभेवर भांडणाची सगळी वाक्यं येऊन उभी राहिली. आम्हाला काय समजलात, बघून घेईन. एकेक मोत्यासारखं पाठ. पण हर्षे, ती बॅग आत जाताना बघितली आणि एकही बाहेर पडेना. आपलं घर आठवलं. दोन वर्षं झाली, तुझी आई अजून भाकऱ्या थापताना एक जास्तीची थापते आणि मग ती मी खाल्ली नाही तर माझ्यावर चिडते. ती बॅग तिथं राहिली तर मी पुन्हा त्या घरात कसा जाऊ? विनंतीचे शब्द शोधत होतो. ते कुठून असणार, तो महिना बुडालेला.

मग पहिल्याच महिन्यातला एक शब्द सापडला. वेणुम. पाहिजे. वांगी पाहिजेत, मीठ पाहिजे, त्यातलं पाहिजे. दुकानदाराला म्हणायचं असतं, थोरामोठ्यांना असं म्हणत नाहीत, अशी दुरैस्वामीनं ताकीदही दिली होती. दुसरं काही जवळ नव्हतं. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "एनक्कु एन पोण्णु वेणुम." मला माझी मुलगी पाहिजे.

मी पुन्हा म्हणालो. मग तिसऱ्यांदा म्हणालो. हात जोडलेले होते, ते कधी जोडले मला सांगता येणार नाही. मराठीत हे वाक्य मी तुझ्या आईलाही कधी म्हणालो नाही. मराठीत मला शब्द फार येतात गं, त्यामुळे खरं बोलणं नेहमी राहून जातं.

पळनिसामींनी पानाकडे बोट केलं, आत तू होतीस तिकडे बोट केलं, आणि दोन्ही हात जुळवून बाळ झुलवल्यासारखं केलं. भुवया उंचावल्या. म्हणजे बाळ झाल्यावर जेवणार, असंच ना? मी इतक्या जोरात मान हलवली की टोपी पडली.

मग तो गृहस्थ हसायला लागला. ओसरीवरच्या सगळ्यांना काहीतरी सांगितलं, सगळे हसले. माझं पान आणि आपलं पान दोन्ही त्यांनी उचललं, आणि निघाले थेट शेजारच्या घरी. शेजाऱ्याच्या ओट्यावर पानं मांडली, मला बसवलं, स्वतः शेजारी बसले, आणि जेवणातलं सगळं तिकडे आणवून वाढलं. शेजाऱ्याचा ओटा म्हणजे काही लेकीचं घर नव्हे. माझ्या बापाच्या डोक्यात हे पाच वर्षांत आलं नाही. सेंथिल रिक्षा सांगून परत आला तेव्हा आम्ही दोघं परक्या ओट्यावर बसून सांबार-भात खात होतो, आणि त्याला कुणी काही सांगेना. पळनिसामी माणूस आडमुठा आहे, पण नियमात बसवून आडमुठेपणा करतो. आमचं जमेल.

(तुझी आई स्वयंपाकघरात तुझ्या सासूबरोबर पोटभर जेवली, हे मला ठाऊक आहे. चव बघितली, असं ती म्हणते.)

निघताना बॅग पळनिसामींनी स्वतः आणून माझ्या हातात दिली. ती मी सीटखाली ठेवू दिली नाही, वर माझ्या उशाशी आहे, आणि तू सकाळपासून तिच्यातली शाल मागतेयस हे मला ऐकू आलंय. आईमार्फत देणार होतो.

अंगणातल्या त्या शब्दाचं काय करायचं ते सोलापूरपासून ठरवतोय. आळीत काय सांगायचं, कुंडलिक काय म्हणेल. नारायणगावच्या स्टँडवर उतरल्यावर बघू, असं मनात म्हणत होतो. तर आत्ता डब्यात चहावाला आलाय आणि तू खालून विचारलंस, "तात्या, च्या घेता का?" मी काही बोललो नाही. तू परत विचारलंस. हे मी लिहितोय तोवर तिसऱ्यांदा विचारतेयस, आणि तो माणूस किटली उचलून पुढच्या डब्याकडे निघालाय. आता उत्तर कागदावर लिहून खाली सोडत बसलो तर चहा गेला.

शाल घेऊन खाली येतो. साखर कमी सांग. बाकीचं तोंडी.